साखरेपासून घरी हार्ड सेल्टझर: यीस्ट टाकायच्या आधी काय काय हाताशी हवं

हार्ड सेल्टझर (अल्कोहोल असलेला सोडा) म्हणजे साखर, पाणी आणि यीस्ट, बाकी काय लागतंय, असं म्हणून बरेच जण सुरुवात करतात आणि आठवड्याभराने फर्मेंटरमधून (आंबवायच्या भांड्यातून) सडक्या अंड्याचा वास यायला लागला की शोधाशोध सुरू होते. खरं तर या सगळ्या यादीत साखर ही सगळ्यात कमी डोकं लावायची गोष्ट आहे. बिअरला माल्ट (अंकुरवलेलं धान्य) असतं, वाइनला द्राक्षाचा रस असतो, त्यात यीस्टला लागणारं नायट्रोजन, मिनरल्स, व्हिटॅमिन्स आयतंच मिळतं. साखरेच्या पाण्यात यातलं काहीही नाही. यीस्टला नुसत्या साखरेवर सोडणं म्हणजे पोराला फक्त चॉकलेटवर वाढवणं. त्यात परत चव इतकी कोरी की थोडं जरी बिघडलं तरी झाकायला ना हॉप्स (बिअरमधली कडू फुलं) ना फळ. म्हणून माझं म्हणणं असं की आधी न्यूट्रिएंट मागवा, ते हातात पडेपर्यंत साखरेचं पाकीट फोडूच नका.

तरी आकडा आधी सांगून टाकतो कारण बाकीचं माप त्यावरच ठरतं. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का अल्कोहोल. २० लिटरची बॅच आणि पाच टक्क्यांच्या आसपास हवं असेल तर पावणेदोन किलो साधी पांढरी साखर. हे २० लिटर म्हणजे साखर विरघळल्यावर एकूण २० बरं का, २० लिटर पाण्यात वरून साखर नाही, कारण पावणेदोन किलो साखर स्वतःच लिटरभर जागा खाते. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) सुरुवातीला १.०३३-१.०३४ दिसेल आणि संपताना ०.९९६ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्याही खाली, ते बघून दचकू नका, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून तसं होतं. हायड्रोमीटर यादीत आहेच, त्याशिवाय हा उद्योग करूच नये, पुढे बाटल्यांचं सांगतो तेव्हा कळेल का ते.

आता न्यूट्रिएंट. दोन प्रकारचं लागतं. एक डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, फूड ग्रेड, शेतात टाकायचं खत नाही, नाव तेच असलं तरी ते आणू नका. दुसरं म्हणजे मेलेल्या यीस्टपासून बनवलेलं ऑरगॅनिक न्यूट्रिएंट, फर्मेड ओ वगैरे, ज्यातून नायट्रोजनबरोबर व्हिटॅमिन्स पण मिळतात. नुसत्या डीएपीवर फर्मेंटेशन ढकलत ढकलत होतं पण वास स्वच्छ राहत नाही. २० लिटरला १० ग्रॅम डीएपी आणि १५ ते २० ग्रॅम ऑरगॅनिक, हे माझं ठरलेलं माप. पाकिटावर याच्यापेक्षा कमी लिहिलेलं असेल, तर लक्षात घ्या की तो डोस रसाला किंवा माल्टला धरून असतो, तिथे निम्मं काम आधीच झालेलं असतं. हे सगळं एकदम ओतायचं नाही, तीन पुड्या आधीच वजन करून बाजूला ठेवायच्या, पहिली यीस्टबरोबर, दुसरी २४ तासांनी, तिसरी ४८ तासांनी. म्हणजे ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा वजनकाटा पण यादीत आला, चमच्याने मोजण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि इथेच एक गंमत होते ती आधी माहीत असलेली बरी. दुसऱ्या दिवशी सगळं जोरात चाललेलं असतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, आणि अशात कोरडी पावडर वरून टाकली की प्रत्येक कणावर गॅस सुटतो आणि दोन सेकंदात फेस झाकणातून बाहेर, भिंतीवर, ओट्यावर सगळीकडे. म्हणून पुडी आधी कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग फर्मेंटर हळूहळू हलवून जमलेला गॅस थोडा काढायचा, आणि मग बारीक धारेने सोडायचं. फर्मेंटर २० लिटरच्या बॅचला २५ ते ३० लिटरचा घ्या म्हणतात ते यासाठीच. फूड ग्रेड प्लास्टिक चालतं पण आतून ओरखडे पडलेलं नको, त्या ओरखड्यात काय काय बसलेलं असतं ते कुठल्याच सॅनिटायझरने निघत नाही.

पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितकं आंबट), हा दुसरा विषय जो सगळे विसरतात. यीस्ट काम करताना आजूबाजूचं पाणी आंबट करत जातं, रसात किंवा माल्टमध्ये ते सांभाळून घेणारं बफर असतं, साखरेच्या पाण्यात नसतं, त्यामुळे पीएच दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतो आणि ३ च्या खाली गेला की यीस्ट मान टाकतं. बुडबुडे बंद, ग्रॅव्हिटी १.०१५ वर अडकलेली, आणि लोकांना वाटतं झालं तयार. तर पीएच पट्ट्या किंवा मीटर आणा आणि सोबत पोटॅशियम बायकार्बोनेट, पाच-सहा ग्रॅम पुरतं, पीएच ३.५ च्या आसपास ठेवायचा. तेही टाकताना फसफसतं, तेव्हा परत हळूच. खायचा सोडा चालतो का तर चालतो, पण खारट चव मागे राहते आणि या पेयात ती लगेच कळते. आणि सुरुवातीलाच लिंबू पिळून साखर उकळायची जी पद्धत सांगतात ती सोडून द्या, साखर फोडायला यीस्टकडे स्वतःचं एन्झाइम असतं, तुम्ही फक्त पीएच आधीच खाली आणून ठेवता. आंबटपणा शेवटी घालायचा.

पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर तो काढावा लागेल. साधं क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन (क्लोरीनचाच टिकाऊ प्रकार) तेवढ्याने सहज जात नाही, त्याला कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची), एक गोळी ७५ लिटरला पुरते म्हणजे आपल्याला पाव. आरओचं पाणी वापरणार असाल तर त्यात मिनरल्स जवळजवळ शून्य, एखादा ग्रॅम एप्सम सॉल्ट आणि तेवढंच कॅल्शियम क्लोराइड घाला.

यीस्टमध्ये ईसी-१११८ हे शॅम्पेन यीस्ट सगळ्यात भरवशाचं, फारसा स्वतःचा वास सोडत नाही आणि हाल सोसतं. पाच ग्रॅमचं एक पाकीट पुरेल असं लिहितात, मी साखरेच्या पाण्याला दोन टाकतो, इथे कंजूषी नको. ब्रेडचं यीस्ट टाकून होतं का, होतं, पण पावाचा वास येतो आणि गाळ नीट बसत नाही. पाकिटावरची तारीख बघा. ३५ ते ४० अंशाच्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवायचं, त्यासाठी थर्मामीटर. खोली १८ ते २४ अंश असलेली बरी.

सॅनिटायझर म्हणजे स्टार सॅन किंवा तत्सम, लिटरला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, धुवायची गरज नाही, राहिलेल्या फेसाला घाबरू नका. पण आधी साबणाने नव्हे, ऑक्सिजन क्लीनरने घासून स्वच्छ केलेलं हवं, घाणीवर सॅनिटायझर मारून काही होत नाही. स्प्रे बाटलीत थोडं भरून हाताशी ठेवा, दिवसभर लागतं. एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं, पाणी भरलेलं बूच), सायफन नळी, लांब चमचा, झाकण, सगळं यातून निघालं पाहिजे.

ज्या खोलीत ठेवणार तिथे हवा खेळती हवी, पावणेदोन किलो साखरेतून जवळपास ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, हळूहळू निघतो पण बंद कपाटात किंवा छोट्या बंद खोलीत झोपायच्या जागी नको. घरी आंबवणं तुमच्याकडे कायद्यात बसतं का ते एकदा बघून घ्या आणि डिस्टिल करायचा विचार असेल तर तो वेगळा आणि बहुतेक ठिकाणी बेकायदा प्रकार आहे, इथे त्याचा संबंध नाही. मिथेनॉलची भीती पण कायम विचारतात, ते मुख्यतः फळातल्या पेक्टिनमधून येतं आणि साखरेत पेक्टिन नाही.

आता बाटल्या, आणि इथे खरंच नीट वाचा. सेल्टझरला गॅस जोरात लागतो, तीन-साडेतीन व्हॉल्यूम (म्हणजे पेयाच्या तीन-साडेतीनपट गॅस), साध्या बिअरच्या काचेच्या बाटलीच्या सहनशक्तीचा तो जवळपास शेवट असतो. म्हणून सोड्याच्या जाड प्लास्टिकच्या बाटल्या किंवा शॅम्पेनच्या बाटल्या. लिटरला ८ ते ९ ग्रॅम साखर बाटलीसाठी, त्याच्यावर एक चिमूटही नाही, आणि तेही ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस तीच आल्याशिवाय नाही, बुडबुडे थांबले हा पुरावा होत नाही. गोड हवं असेल तर एरिथ्रिटॉल किंवा सुक्रालोज, जे यीस्टला खाता येत नाही. फळाचा रस किंवा पल्प बाटलीत घातला की ती बाटली म्हणजे फटाका. एक तरी बाटली प्लास्टिकची ठेवाच, दाबून बघायची, दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. केग (दाबाने गॅस भरायची धातूची टाकी) असेल तर हे सगळं टेन्शन नाही, थंड करून २०-२५ पीएसआयवर आठवडाभर ठेवलं की झालं, मग रसाचंही चालतं, फक्त थंडच राहू द्या.

नितळ करायला बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी माती) आणा, नाहीतर फर्मेंटर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये, मात्र गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, तेव्हा त्यात साधं पाणी नको, सॅनिटायझर भरा किंवा तेवढ्यापुरतं एअरलॉक काढून बूच लावा. थोडा यीस्टी वास राहिला तर कार्बन फिल्टर मदत करतो, फक्त बारीक फिल्टरमधून गेलं की यीस्टही जातं, मग बाटलीत गॅस धरणार नाही, केगच लागेल.

फ्लेवर सगळ्यात शेवटी. सायट्रिक अ‍ॅसिड, थोडं मॅलिक, एखादा चांगला एक्स्ट्रॅक्ट, ड्रॉपर आणि १०० मिलीचा मापाचा ग्लास. ग्लासात थेंब मोजून घालायचे, चाखायचं, जमलं की २०० ने गुणायचं. गॅस भरल्यावर आंबटपणा अजून वर येतो, म्हणून बिनगॅसच्या नमुन्यात अ‍ॅसिड जरा कमीच वाटलं पाहिजे, आणि एक्स्ट्रॅक्टचा हिशोबाने येणारा पूर्ण आकडा पहिल्यांदा घालू नका, तीन चतुर्थांश घाला, ढवळा, परत चाखा. कमी पडलं तर वाढवता येतं.