गटाच्या ई-मेलवर चर्चा कशी सुरू करावी आणि उत्तर कसे द्यावे

सोलापूरच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांचा आमचा एक ई-मेल गट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, गिरणी कामगारांची मुले आहेत, नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेलेले सोलापूरकर आहेत. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा उर्दू. अशा गटावर पाठवलेले प्रत्येक पत्र दोन प्रकारचे लोक वाचतात: आज कामाच्या गडबडीत ते उघडणारा सदस्य, आणि काही वर्षांनी तीच माहिती शोधत येणारा एखादा अनोळखी वाचक. शिष्टाचाराचे बहुतेक नियम या दोघांची सोय पाहण्यातून निघतात, असे माझे मत आहे आणि पुढचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

लिहिण्यापूर्वी

गटात नव्याने आल्यावर लगेच लिहू नये, आधी वाचावे. इंटरनेटवरील शिष्टाचाराची जी मार्गदर्शक टिपणी ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली, तिने पहिले पत्र लिहिण्याआधी एक ते दोन महिने केवळ वाचत राहण्याचा सल्ला दिला होता. इतका काळ थांबणे आज कोणाला जड वाटेल, पण निदान जुना पत्रव्यवहार चाळून आपला प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे का, एवढे तरी पाहावे. शोधताना एकाच शब्दाची वेगवेगळी रूपे वापरून पाहावीत, कारण कोणी ‘सोलापूर’ लिहितो तर कोणी जुन्या वळणाने ‘शोलापूर’, आणि ‘सिद्धेश्वर’ हे नाव ‘सिध्देश्वर’ असे टंकलेलेही जागोजागी आढळते. संगणक या दोन रूपांना एकच शब्द मानेलच, असे नाही.

चर्चा सुरू करताना

नवा विषय नेहमी कोऱ्या ई-मेलने सुरू करावा. गटाचा पत्ता हाताशी असावा म्हणून अनेक जण जुनेच एखादे पत्र उघडतात, ‘उत्तर द्या’ दाबतात आणि त्यात नवा प्रश्न लिहितात. मीही एकदा तसेच केले होते. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील सात नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणूक मार्गावर चर्चा चालू होती आणि त्याच पत्राला उत्तर देऊन मी लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या छायाचित्रांबद्दल विचारले. यात्रेच्या विषयात रस नसलेल्यांनी ते पत्र उघडलेच नाही आणि ज्यांनी उघडले त्यांची उत्तरे नंदीध्वजांच्या मजकुरात मिसळून गेली. पुढे ती छायाचित्रे खरोखर हवी होती तेव्हा मला स्वतःलाच ती सापडायला फार वेळ लागला. याचे कारण तांत्रिक आहे. प्रत्येक ई-मेलला स्वतःची एक ओळख असते आणि उत्तराच्या पत्रात मूळ पत्राची ती ओळख आपल्या नजरेआड नोंदवली जाते. त्यामुळे विषयाची ओळ बदलली तरी अनेक प्रणाली नवे पत्र जुन्याच साखळीत, म्हणजे एकाखाली एक दिसणाऱ्या पत्रोत्तरांच्या मालिकेत, गुंफतात. जीमेल विषय बदलल्यावर सहसा नवी साखळी करते, परंतु गटातील प्रत्येक जण जीमेलच वापरत असेल असे गृहीत धरता येत नाही.

विषयाच्या ओळीवर थोडा वेळ खर्च करावा, कारण पत्र उघडायचे की नाही हे वाचक तिच्यावरूनच ठरवतो. ‘एक शंका’, ‘मदत हवी’, ‘महत्त्वाचे’ अशा ओळी काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी ‘मे १९३०, मार्शल लॉ: सोलापूर शहराचा त्या काळचा नकाशा कोणाकडे आहे का?’ असे लिहिले, तर ज्याच्याकडे नकाशा आहे तो थांबतो, ज्याच्याकडे नाही तो पुढे जातो आणि दोघांचाही वेळ वाचतो. एका पत्रात एकच विषय असावा. दोन प्रश्न असतील तर दोन पत्रे लिहावीत, अन्यथा सोप्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि अवघड प्रश्न मागे राहतो.

पत्राच्या मजकुरात, नमस्कारानंतरच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतच नेमके काय हवे आहे ते सांगावे. त्यानंतर आपण कुठे कुठे शोधले, कोणाला विचारले आणि काय हाती लागले, हे लिहावे. एवढे केले म्हणजे वाचक तीच माहिती पुन्हा सुचवत नाही. शिवाय विचारणाऱ्याने स्वतः कष्ट घेतले आहेत असे दिसले की उत्तर देणाऱ्यालाही हुरूप येतो. माहिती ठरावीक दिवसापर्यंत हवी असेल, तर तारीख स्पष्ट सांगावी. मात्र ‘माहिती पाठवणे’, ‘त्वरित कळवावे’ ही कचेरीतील परिपत्रकाची भाषा गटात टाळावी. आपल्या मनात नसला तरी तिच्यात हुकूम ऐकू येतो. ‘पाठवू शकाल का?’ असे विचारायला थोडीच अक्षरे जास्त लागतात.

मराठी लिहिताना लिपीकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहू नये, कारण तो वाचायला कष्ट पडतात आणि देवनागरीत शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. छापखान्यांत व कार्यालयांत वर्षानुवर्षे वापरलेल्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर थेट ई-मेलमध्ये चिकटवला, तर समोरच्याला निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे नीट दिसतील अशा प्रमाणित पद्धतीत, बदलून घ्यावा. कन्नड किंवा तेलुगू कागदपत्राचा उल्लेख करायचा असल्यास मूळ शब्द त्याच्या लिपीत द्यावा आणि शेजारी त्याचा मराठी अर्थ लिहावा. आमच्यासारख्या बहुभाषिक शहरात हे सौजन्य फार मोलाचे ठरते.

कागदपत्रांची छायाचित्रे जोडताना आकाराचा विचार करावा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि जोडलेली फाइल पाठवताना ती सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. मोठ्या फाइली गूगल ड्राइव्हवर ठेवून त्यांचा दुवा द्यावा आणि तो सर्वांना उघडतो ना, हे पाठवण्याआधी तपासावे. छायाचित्रात काय आहे, ते दोन वाक्यांत लिहावेच. चित्रातील अक्षरे साध्या शोधात हाती लागत नाहीत, लिहिलेली वाक्ये लागतात.

उत्तर देताना

उत्तर लिहिण्याआधी संपूर्ण साखळी वाचावी. आपले म्हणणे कोणी आधीच मांडलेले असते, किंवा प्रश्न विचारणाऱ्यानेच तो मागे घेतलेला असतो. त्यानंतर उत्तर कोणासाठी आहे, हे ठरवावे. माहिती सर्वांच्या उपयोगाची असेल तर ती सर्वांना जावी; केवळ ‘धन्यवाद’, ‘छान’ किंवा संक्रांतीच्या शुभेच्छा असतील तर त्या संबंधित व्यक्तीलाच पाठवाव्यात. पाठवण्यापूर्वी वरच्या रकान्यातील पत्ता दरवेळी डोळ्यांखालून घालावा, कारण काही गटांत साधे ‘उत्तर द्या’ दाबले तरी पत्र सर्वांकडे जाते. कोणी आपल्याला खासगीत लिहिलेले असेल, तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय ते गटावर पुढे पाठवू नये. याला मी कोणताही अपवाद मानत नाही.

ज्या मुद्द्याला उत्तर देत आहात, तेवढीच मूळ वाक्ये ठेवून बाकीचा मजकूर काढून टाकावा आणि आपले उत्तर त्या वाक्यांच्या खाली लिहावे. मूळ पत्रात तीन प्रश्न असतील तर प्रत्येक प्रश्नाखाली त्याचे उत्तर यावे. संपूर्ण जुने पत्र तसेच ठेवून वर ‘हो, माझ्याकडे आहे’ एवढेच लिहिले, तर काय आहे हे वाचकाला खाली उतरून शोधावे लागते. उद्धृत वाक्य कोणाचे आहे, हेही स्पष्ट दिसावे. एकाचे विधान दुसऱ्याच्या तोंडी घातले जाण्याने आमच्या गटात दोनदा विनाकारण मनस्ताप झाला आहे.

मतभेद मांडताना मराठीतील एक अडचण लक्षात ठेवावी. ‘तुम्ही’ हा शब्द आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. ‘तुम्ही चुकीची माहिती पसरवता’ हे वाक्य एका व्यक्तीला उद्देशून लिहिले, तरी गटातील प्रत्येकाला ते आपल्याला लागू वाटू शकते. म्हणून ज्यांना उत्तर देत आहोत त्यांचे नाव आदराने घ्यावे, व्यक्तीऐवजी विधानाबद्दल बोलावे आणि आधार द्यावा. उदाहरणार्थ, कोणी सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीची तारीख चुकवली असेल, तर इतकेच लिहावे: ‘सर, आपल्या पत्रात १३ जानेवारी अशी तारीख आली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवडा कारागृहात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. मी पाहिलेल्या संदर्भाचे पान सोबत जोडत आहे.’ यात चूक दुरुस्त होते, ज्येष्ठ सदस्याचा मान राहतो आणि पुढे शोधणाऱ्याला योग्य तारीख आधारासह मिळते.

राग आला असेल तर उत्तर लिहून मसुद्यात ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचावे. वर उल्लेखिलेल्या १९९५ च्या टिपणीतही भावनेच्या भरातले उत्तर रात्रभर थांबवावे, असे सांगितले आहे. पाठवलेले पत्र मागे घेण्यासाठी जीमेल जास्तीत जास्त ३० सेकंद देते, आणि राग तेवढ्यात शांत होत नाही.

चर्चेचा ओघ दुसऱ्या विषयाकडे वळला, तर नवे पत्र सुरू करून त्यात ‘नकाशाच्या चर्चेतून पुढे’ असा संदर्भ द्यावा. कोणीच उत्तर दिले नाही, तर आठ-दहा दिवस थांबून एकदाच आठवण करावी.

चर्चा मिटवताना

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तर मिळाले की प्रश्न विचारणाऱ्याने त्याच साखळीत एक समारोपाचे पत्र लिहावे. काय मिळाले, कोणाकडून मिळाले, कोणता भाग अजून अनुत्तरित आहे आणि मूळ कागद कुठे पाहता येईल, हे त्यात सात-आठ ओळींत यावे. खासगीत आलेली उत्तरे संबंधितांच्या परवानगीने त्यातच घ्यावीत. ज्यांनी मदत केली त्यांचे नावानिशी आभार याच पत्रात मानावेत, म्हणजे वेगळी दहा पत्रे गटावर येत नाहीत. प्रश्न विचारल्यावर महिनाभरात काहीच हाती लागले नाही, तरीही हे पत्र लिहावे आणि कुठे कुठे शोधून झाले त्याची यादी त्यात द्यावी, म्हणजे पुढचा शोधणारा त्यानंतरच्या जागेपासून सुरुवात करू शकेल.