हळदीच्या ड्रमची उष्णता कॉम्प्युटरवर कशी बघायची

सांगलीत हळद वाफेवर शिजवतात, त्या लोखंडी ड्रमवर बहुतेक उष्णता अडवणारं आवरण नसतंच आणि बाहेरून केवढी उष्णता वाया जाते ते कुणी मोजत नाही, म्हणून पहिलं सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरचा नकली प्रयोग) याचंच करा, सोपं पण आहे आणि कामाचं पण.

फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फेम वर्कबेंच उघडा, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून उष्णता वगैरेचा हिशोब करणारा विभाग. अख्खा ड्रम काढत बसू नका, भिंतीचा छोटा तुकडा पुरे: ३ मिमी पत्रा, वर ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं उष्णता अडवणारं आवरण). पत्र्याची उष्णता-वाहकता साधारण ५० आणि ग्लासवूलची ०.०४ वॅट प्रति मीटर केल्विन टाका. आतून १००° सेल्सिअस, बाहेर ३०°ची हवा, कन्व्हेक्शन (पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता) १० वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. सुरुवातीचं तापमान द्यायला विसरू नका, मग मेश करून, म्हणजे बारीक तुकड्यांची जाळी पाडून, कॅल्क्युलिक्स या आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमवर स्टेडी स्टेट (तापमान स्थिर झाल्यानंतरची स्थिती) रन करा.

आता खरं काम. रंगीत चित्र आलं म्हणजे उत्तर बरोबर असं अजिबात नाही, आधी वहीवर हिशोब मांडा! आत-बाहेरचा फरक ७०°, म्हणून उघड्या पत्र्यातून ७० गुणिले १० म्हणजे ७०० वॅट प्रति चौरस मीटर जातात, ग्लासवूल लावलं की ७० भागिले १.३५ (०.०५/०.०४ अधिक १/१०) म्हणजे जेमतेम ५२, आणि बाहेरचा पृष्ठभाग ३५°च्या आसपास येतो. सॉफ्टवेअरचा आकडा खूप वेगळा आला तर आधी युनिट तपासा, मिलिमीटर-मीटरचाच घोळ असतो बहुतेक वेळा. मग मेश दुप्पट बारीक करून परत चालवा, उत्तर हललं नाही तरच विश्वास ठेवा.

वारा सुटला की कन्व्हेक्शनचं ते १० वाढतं, म्हणून २५ टाकून पण बघा.