सॅलडची कोवळी पाने: लवकर पेरणी, वेळेवर कापणी

लेट्यूस, पालक, अरुगुला, मिझुना, कोवळी मोहरी या सॅलडच्या पालेभाज्यांना थंड हवा मानवते, आणि त्या घरी लावताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उशिरा पेरणे. टोमॅटो-मिरचीला हवी तशी ऊब येईपर्यंत जो थांबतो, त्याच्या हाती लेट्यूसची चार बरी पाने लागतात न लागतात तोच रोप उंच होऊन फुलोऱ्यावर जाते. म्हणून पेरणीचा दिवस मातीच्या तापमानावरून ठरवावा. सकाळी साधा थर्मामीटर मातीत 5 सें.मी. खोल खुपसून पाहावा. लेट्यूसचे बी 5 अंश सेल्सिअसलाही उगवते, मात्र त्याला सुमारे 15 दिवस लागतात. 10 अंशांना आठवडाभर, तर 20 अंशांना तीन-चार दिवस पुरतात. पालक याहून संथ असून 10 अंशांना त्याला 12 दिवसांच्या आसपास लागतात. उलट माती 30 अंशांच्या जवळ गेली की लेट्यूसच्या बहुतेक वाणांचे बी उगवायचे नाकारते आणि दोष बिचाऱ्या बियाण्याला दिला जातो.

या भाज्यांची मुळे उथळ असल्यामुळे 15 सें.मी. खोलीची पसरट कुंडी किंवा तेवढाच गादीवाफा पुरेसा होतो. पाण्याचा निचरा चांगला हवा, कारण थंड माती ओली राहिली की बी उगवण्याआधीच कुजते. खत म्हणून पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत घालावे. कच्चे शेण मुळीच वापरू नये, कारण ही पाने न शिजवता खायची असतात आणि शेणातले रोगजंतू थेट ताटात येऊ शकतात.

पेरणीच्या खोलीला इथे फार महत्त्व आहे. लेट्यूसच्या अनेक वाणांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे बी मातीवर पसरून, फळीने हलके दाबून, वर चाळलेल्या कंपोस्टचा जेमतेम 3 मि.मी. थर द्यावा, पालकाचे बी मात्र 1 ते 1.5 सें.मी. खोल पेरावे. लेट्यूसचे बी फार बारीक असल्याने ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून टाकले तर सारखे पडते. मी पहिल्या वर्षी ही वाळूची खटपट टाळून चिमटीने भरपूर बी टाकले होते. हिरवा गालिचा उगवला खरा, पण आठवड्याच्या आत रोपांचे देठ मातीलगत काळे पडून बारीक झाले आणि निम्मी रोपे आडवी झाली. रोपे कोलमडण्याचा हा बुरशीजन्य रोग दाटी, साचलेला ओलावा आणि कोंडलेली हवा यांतून येतो. एकदा तो शिरला की ती रोपे वाचत नाहीत, त्यामुळे विरळ पेरणे, झारीने सकाळीच पाणी देणे आणि हवा खेळती ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. कोवळी पानेच कापायची असतील तर रोपांत दोन-तीन सें.मी. अंतर चालते, मोठी रोपे हवी असतील तर विरळणी करून ते 20 सें.मी.पर्यंत न्यावे. विरळणीत उपटलेली रोपे मुळे छाटून धुतली की तेच पहिले सॅलड.

कडक थंडीच्या रात्री वाफ्यावर पातळ न विणलेले कापड अंथरावे, म्हणजे रोपांचे गारठ्यापासून रक्षण होते आणि अरुगुलाच्या पानांना बारीक भोके पाडणारे उडते भुंगेरेही दूर राहतात. गोगलगायी संध्याकाळनंतर हाताने वेचाव्यात, आणि मावा ही बारीक कीड दिसल्यास पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. घरच्या वाफ्याला एवढे पुरते.

पेरणीनंतर साधारण 30 दिवसांनी पाने 8-10 सें.मी. उंच झाली की कापणी सुरू करावी, आणि ती नेहमी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी करावी. दुपारची पाने पाणी गमावून लुळी पडलेली असतात. धारदार कात्रीने मातीपासून 3-4 सें.मी. वर कापावे. नवी पाने रोपाच्या मधोमध असलेल्या इवल्याशा कोंबातून फुटतात. तो वाचला तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कापणी मिळते, तो छाटला गेला तर रोप संपले. घाई नसेल तर मी बाहेरची पानेच तेवढी खुडतो आणि आतली चार-पाच राखतो. यात वेळ जातो, पण रोप जास्त दिवस चालते. एकदा पेरून थांबू नये. दर 10-15 दिवसांनी थोडेथोडे पेरत गेल्यास पानांचा खंड पडत नाही.

कापलेली पाने लगेच थंड पाण्यात सोडावीत. भांडे ओतून पाणी काढण्याऐवजी पाने हाताने वर उचलून घ्यावीत, म्हणजे बारीक वाळू तळाशीच राहते; ओतले तर तीच वाळू पुन्हा पानांवर बसते. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून हलकेच झटकावे आणि कोरड्या कापडासह डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे. नीट कोरडी केलेली पाने पाच-सहा दिवस टिकतात.

दिवस मोठे आणि गरम होऊ लागले की लेट्यूसचा मधला देठ लांबू लागतो. अशा वेळी पान तोडले की तुटलेल्या जागी दुधासारख्या चिकाचे टपोरे थेंब जमतात. कडवटपणा त्या चिकातच असतो. दुपारची सावली आणि नियमित पाणी यांनी हा काळ काही दिवस लांबवता येतो, पण देठ वीतभर झाल्यावर ते रोप काढून जागा मोकळी केलेली बरी. त्यातले सर्वांत उशिरा फुलणारे एखादे रोप मात्र बियाण्यासाठी राखावे. लेट्यूसमध्ये बहुतांशी स्वपरागीभवन होते, त्यामुळे संकरित नसलेल्या वाणाचे घरचे बी मूळ रोपासारखेच निपजते. फुले सुकून त्यांच्या जागी पांढरे कापसासारखे झुबके दिसू लागले की शेंडे कागदी पिशवीत झटकावेत आणि बी वाळवून, पाकिटावर वाणाचे नाव व वर्ष लिहून, थंड व कोरड्या जागी ठेवावे.