ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे बरोबर आलं असं नसतं! अकाउंट्स शिकताना या चुका टाळा

बीकॉम, बीएमएस, बीबीए, बीएएफ, कोर्सचं नाव काहीही असू दे, पहिल्या वर्षाची मुलं अकाउंट्समध्ये ठरलेल्या चार-पाच जागीच अडकतात. मी बरीच वर्षं संध्याकाळी या मुलांच्या बॅच घेतोय, त्याआधी आर्टिकलशिपमध्ये (सीए होताना करायची उमेदवारी) लोकांच्या वह्या तपासण्यात दिवस घालवलेत, आणि दरवर्षी त्याच चुका बघून आता वाटलं की एकदा लिहूनच टाकावं. बारावी सायन्स करून थेट बीएमएसला आलेल्यांनी तर नक्की वाचा, कारण अकरावी-बारावीचं बीके (बुककीपिंग) तुमच्या पाठीशी नाहीये आणि वर्गात ते येतं असं धरूनच शिकवलं जातं.

फरक सस्पेन्सला टाकून मोकळं होणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बाक्यांची यादी, दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात) जुळत नाही, फरक छोटा आहे, मग सस्पेन्स अकाउंट (न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचं खातं) काढलं, नाहीतर गुपचूप किरकोळ खर्चात घुसवलं आणि खाली डबल लाइन मारली. छोटा फरक म्हणजे छोटी चूक, असं कुठेही लिहिलेलं नाही.

एस.वाय.ची (दुसऱ्या वर्षाची) एक विद्यार्थिनी होती, प्रोजेक्टसाठी तिने तिच्या मामाच्या मिरजेच्या हार्डवेअर दुकानाची खातेवही घेतली होती. फरक आला ४५० रुपये, क्रेडिट बाजू जास्त. "सर, साडेचारशेच आहेत, सस्पेन्सला टाकू का?" मी म्हटलं नाही, शोध. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते हे तिला माहीत होतं (५४० लिहायच्या जागी ४५० लिहिलं की फरक ९०, त्याला ९ ने भाग जातो), आणि ४५० ला ९ ने भाग जातो, त्यामुळे बिचारीने अख्खा रविवार उलटेसुलटे आकडे शोधण्यात घालवला आणि काहीच मिळालं नाही. सोमवारी आम्ही दोघं खातेवही घेऊन बसलो. ती पान उलटून रक्कम मोठ्याने वाचणार, मी ट्रायल बॅलन्सवर लाल पेन्सिलने टिक करणार. सेल्स रिटर्न (गिऱ्हाइकांनी परत केलेला माल) ९,२२५, डेबिट बाकी. तिने ती परचेस रिटर्नच्या (आपण परत पाठवलेल्या मालाच्या) खाली क्रेडिटच्या रकान्यात लिहिली होती, दोन्हीत 'रिटर्न' शब्द आहे म्हणून हात आपोआप त्याच रकान्यात गेला. ते दुरुस्त केलं तर फरक ४५० वरून थेट १८,००० झाला आणि तोही आता डेबिट बाजूला! तिचा चेहरा एवढासा झाला, तिला वाटलं आपण अजूनच बिघडवलं. पण खरं तर तिथेच आम्ही वाटेवर आलो होतो. अजून दहा-बारा पानं गेल्यावर दोन पानं एकमेकांना चिकटलेली सापडली, कुणीतरी बिल डिंकाने चिकटवलं होतं, आणि आतल्या पानावर पाइप पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचं १८,००० चं देणं. ते ट्रायल बॅलन्समध्ये आलंच नव्हतं. ४५० सस्पेन्सला टाकले असते तर मामाच्या ताळेबंदात १८,००० चं देणं दिसलंच नसतं, आणि तो व्यापारी दिवाळीला वसुलीला दारात उभा राहिल्यावरच कळलं असतं.

माझी सवय सांगतो, पुस्तकात कदाचित वेगळा क्रम असेल. आधी बेरीज परत, पण खालून वर. मग फरकाएवढी रक्कम जशीच्या तशी कुठे सुटली आहे का ते बघायचं. मग फरकाचं निम्मं करून तेवढी रक्कम शोधायची, कारण चुकीच्या बाजूला लिहिलेली रक्कम फरकात दुप्पट होऊन येते (वरचे ९,२२५ घ्या, त्यांनी एकट्याने १८,४५० चा फरक पाडला होता). मग ९ ने भागून बघायचं. एवढं करूनही सापडलं नाही तर पान पहिलं उघडून टिक मारत बसायचं. कंटाळा येतो, मान्य आहे, पण दोन चुका एकमेकींना झाकत असतील तर कुठलीच युक्ती चालत नाही, टिक मारणं चालतं.

परीक्षेत मात्र उलटं करा. पाच मिनिटांत फरक सापडला नाही तर तसाच सोडून पुढचा प्रश्न घ्या, मार्क पायऱ्यांना असतात. पण खोटी रक्कम घालून जुळवू नका, तपासणाऱ्याला ती लगेच दिसते.

आणि ट्रायल बॅलन्स जुळला तरी निश्चिंत होऊ नका. एंट्री पूर्णच राहिली असेल तर तो जुळतो. नवीन मशीन बसवायची मजुरी मशीनच्या किमतीत न घेता वेजेसला टाकली तरी जुळतो, आणि त्या वर्षाचा नफा चुकतो तो चुकतोच.

बँकेचा मेसेज वाचून एंट्री करणं

मोबाइलवर मेसेज येतो, तुमचं अकाउंट क्रेडिट झालं. मुलगा वहीत लिहितो बँक अकाउंट क्रेडिट. झालं, इथून पुढे सगळं उलटं. मेसेज बँकेच्या वहीतून आलेला असतो. तुमचे पैसे बँकेकडे आहेत म्हणजे बँक तुमचं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तुम्ही क्रेडिट. तुमच्या वहीत तेच पैसे मालमत्ता आहेत, म्हणून बँक डेबिट. आपल्याकडे 'जमा' हा शब्द घरात पैसे आले या अर्थाने रुजलाय, जुन्या वहीखात्यात क्रेडिटलाही जमाच म्हणायचे, त्यामुळे मराठी मुलांचा गोंधळ जास्त होतो असं मला वाटतं. उपाय एकच, एंट्रीच्या आधी स्वतःला विचारायचं, ही वही कुणाची?

हे कळलं की बीआरएस (बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट, म्हणजे कॅशबुक आणि पासबुकाच्या बाकीतला फरक जुळवणं) निम्मं सोपं होतं. समजा कॅशबुकप्रमाणे बाकी ४२,३०० आहे. ७,५०० चा चेक दिलाय पण समोरच्याने अजून भरला नाही, आणि बँकेने १०० रुपये चार्जेस अधिक १८ टक्के जीएसटी असे ११८ कापलेत. पासबुकात दिसणार ४९,६८२. मग मुलं काय करतात, दोन्हीच्या एंट्री कॅशबुकात घालतात! चेकची एंट्री तुम्ही केव्हाच केलीय, तो बँकेत जायचा बाकी आहे एवढंच. कॅशबुकात फक्त ११८ जातील, आणि दुरुस्त बाकी ४२,१८२ येईल.

बीआरएस हा आठ मार्कांचा कंटाळवाणा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्यांना मी सत्यम या आयटी कंपनीचं सांगतो. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेची शिलक बाहेरच्या कागदाशी ताडून बघायची ही सवय कशासाठी लावायची, ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

उत्तर बघत बघत सोडवणं

हा शॉर्टकट सगळ्यात वाईट. डावीकडे गाइड उघडं, उजवीकडे वही, आणि वाटतं की येतंय. गणित आधी स्वतः चुकू द्या, चाळीस मिनिटं लागली तरी चालतील. दिवसाला एकच करा पण उत्तर झाकून करा. आणि पहिल्याच महिन्यात 'सर टॅली (अकाउंट्सचं सॉफ्टवेअर) कधी शिकवणार' म्हणून मागे लागू नका, एफ-सेव्हन दाबलं की जर्नल उघडतं, पण कुठलं खातं डेबिट हे तुम्हालाच सांगावं लागतं.

बाकीच्या पटापट सांगतो. ट्रायल बॅलन्सच्या खाली दिलेल्या ॲडजस्टमेंटचे (वर्षअखेरच्या फेरफारांचे) दोन परिणाम, आत दिलेल्याचा एकच, क्लोजिंग स्टॉकला तर हे हमखास चुकतं. १ ऑक्टोबरला घेतलेल्या मशीनवर ३१ मार्चला वर्षाचं डेप्रिसिएशन (घसारा) लावू नका, सहाच महिन्यांचं लावा. १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा दर, हा नियम इन्कम टॅक्सचा आहे, तो इथे आणू नका. स्टॉक कॉस्ट किंवा नेट रिअलायझेबल व्हॅल्यू (विकायचा खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम) यातल्या कमी रकमेला, विक्रीच्या किमतीला नाही. मालकाने दुकानातला माल घरी नेला तर तो ड्रॉइंग्जला (मालकाच्या उचलीला), विक्रीत नाही. नॅरेशन (एंट्रीखालचा थोडक्यात खुलासा) लिहा. वर्किंग नोट्स मागच्या पानावर पेन्सिलने नको, उत्तराखालीच पेनाने. कॅश फ्लोमध्ये डेप्रिसिएशन परत मिळवतो ते त्यातून पैसा येतो म्हणून नाही, नफ्यातून वजा करताना पैसा गेलाच नव्हता म्हणून. आणि कॅल्क्युलेटर १२ आकडी घ्या, त्यावरची एम प्लस, एम मायनस बटणं वापरायला शिका, परीक्षेच्या आदल्या रात्री नाही, आत्ताच.