डार्क मॅटरवाल्या शास्त्रज्ञाचं काम कसं जोखायचं

माझ्या भाचीला डार्क मॅटरवर, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थावर, पीएचडी करायची आहे. गाईड निवडण्याआधी दारव्ह्याला आमच्या ओसरीत बसून तिला हे शिकवलं.

‘इन्स्पायर’ या भौतिकशास्त्राच्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर शास्त्रज्ञाचं नाव टाका. शोधनिबंध, इतर निबंधांत झालेले त्यांचे उल्लेख, एच-निर्देशांक दिसतो. एच २० म्हणजे २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख. हे माप भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलं. स्वतःचेच उल्लेख वगळायची सोय तिथं आहे, ती वापराच.

मग लेखकांची यादी. खरी फसगत इथंच होते. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोठ्या निबंधांवर शंभरावर नावं असतात. पन्नास बाया कापूस वेचतात तेव्हा सगळा ढीग एकीच्या नावावर लिहीत नाहीत! दोन-चार लेखकांचे निबंध वेगळे काढा अन् ‘अर्काइव्ह’ या निबंधांच्या संकेतस्थळावर फुकट वाचा.

उल्लेख कमी म्हणून माणूस सोडू नका. खगोलशास्त्रज्ञ झ्विकींनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहातलं न दिसणारं वस्तुमान मांडलं, पण कित्येक दशकं तिकडे फारसं कुणी वळलं नाही.

अलीकडच्या निबंधांत विद्यार्थ्यांची नावं आहेत का, तेही पाहा. नावं वर्णानुक्रमे असली तर पहिल्या नावावरून काही ठरवू नका.