विहिरीकाठचे जुने प्लॅस्टिक : या चुका टाळा

कलिंगडाचा हंगाम आटोपला की शेतातून उपटलेला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, विहिरीच्या कडेला ढिगाने पडतो आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथून हलत नाही. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. २५-३० मायक्रॉनचा हा कागद उन्हाने इतका कडक होतो की चिमटीत धरताच त्याचा चुरा होतो. त्या चुऱ्यातून पाण्यात विरघळणारे सेंद्रिय पदार्थ सुटतात, आणि प्लॅस्टिक टिकावे म्हणून मिसळलेली रसायने त्याच्याशी घट्ट बांधलेली नसल्यामुळे तीही पावसाबरोबर वाहून जातात. मऊ पीव्हीसीच्या जुन्या पाइपांतून तर थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी मिसळलेली रसायने, बाहेर पडतात. आपल्याकडे विहिरीचे झरे मुरमातून आणि काळ्या खडकाच्या भेगांतून येतात, त्यामुळे वाळूच्या जाड थरातून व्हावी तशी पाण्याची गाळणी तिथे होत नाही.

ढीग नकोसा झाला की तो बांधावर पेटवून देणे ही दुसरी चूक. अर्धवट जळालेल्या प्लॅस्टिकच्या काजळीत आणि राखेत पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन ही अर्धवट ज्वलनातून तयार होणारी घातक संयुगे असतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० त्यांना लिटरमागे केवळ ०.०००१ मिलिग्रॅमपर्यंत मुभा देते.

पाण्याला वास येऊ लागला की टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) हात सैल सोडला जातो. टीसीएलने जंतू मरतात, पण ही रसायने जात नाहीत. उलट पाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी क्लोरिनचा संयोग होऊन नवी अपायकारक संयुगे तयार होतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, एवढेच. पाणी उकळूनही थॅलेट उडून जात नाहीत, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मीटर मुख्यत्वे क्षार मोजत असल्याने त्याचा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आधी ढीग हलवावा, मग मोटारीच्या फूटव्हॉल्व्हची (पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकावरील झडपेची) जाळी काढून पाहावी. तिथे काळे पातळ तुकडे अडकलेले असतील तर विहीर उपसून गाळ काढणे भाग आहे. तोपर्यंत पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरावा. सक्रिय कोळशाच्या फिल्टरने यांतील बरीच सेंद्रिय रसायने कमी होतात, मात्र कोळसा वेळेवर बदलला नाही तर तो असून नसल्यासारखा. गावपातळीवरच्या तपासणी संचात थॅलेट दिसत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेला त्यांची चाचणी नाव घेऊन सांगावी आणि नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीतून न्यावा; शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून नेलेल्या पाण्यात सापडलेले रसायन विहिरीचे की बाटलीचे, हे प्रयोगशाळेलाही सांगता येणार नाही.