क्लासिक, हायनेस की स्पीड ४००: घाटात राहणाऱ्यांनी गाडी कशी निवडावी

मोटारसायकलींची तुलना ब्रोशरपासून सुरू करू नका, रस्त्यापासून सुरू करा. तुमची गाडी वर्षभर कुठून कुठे जाणार आहे ते आधी कागदावर लिहा. माझं असं आहे: रोज साताऱ्यात घर ते ऑफिस, सुट्टीच्या दिवशी मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, आणि उघडीप असेल तेव्हा आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. मागे बहुतेक वेळा आई असते, साडीत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. माझी उंची पाच फूट तीन इंच. एवढं लिहिलं की निम्म्या गाड्या यादीतून आपोआप गळतात. मग पत्रकातल्या आकड्यांपैकी आपल्याला कोणता लागणार आणि कोणता नाही, हे कळायला लागतं.

पहिली काट टॉप स्पीडवर मारा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. महाराष्ट्रात आपल्या वाट्याला येतात ते जुने महामार्ग, राज्यमार्ग आणि घाट. तिथे ताशी १४० जाणारी गाडी आणि ११५ जाणारी गाडी यांत काही फरक उरत नाही. फरक पडतो तो चढावर ट्रकच्या मागे अडकल्यावर, तिसऱ्या गिअरमधून गाडी किती पटकन उचलते त्यात.

आता आकडे. मी तीन गाड्या धरते, कारण या गटात लोक मला याच तिघींबद्दल विचारतात. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला, वजन १९५ किलो. होंडा हायनेस सीबी३५०: ३४८ सीसी, साधारण २०.८ बीएचपी, ३० न्यूटन-मीटर ३००० आरपीएमला, १८१ किलो. ट्रायम्फ स्पीड ४००, जी आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते: ३९८ सीसी, ३९.५ बीएचपी, ३७.५ न्यूटन-मीटर ६५०० आरपीएमला, १७६ किलोच्या आसपास.

पत्रकात वजन असतं ते रिकाम्या गाडीचं. तुम्ही रिकामी गाडी चालवत नाही. चालवणारी साठ किलो, मागची पासष्ट, बॅगा पंधरा, असे १४० किलो प्रत्येकीवर टाका आणि मग ताकदीला एकूण वजनाने भागा. टनामागे क्लासिक साठ बीएचपी देते, हायनेस पासष्ट, स्पीड सव्वाशेच्या आसपास. म्हणजे क्लासिक आणि हायनेस यांच्यातलं भांडण ताकदीचं नाहीच, ते इतर गोष्टींचं आहे. आणि स्पीड ही वेगळ्याच जातीची गाडी आहे; किंमत जवळची म्हणून तिला या दोघींच्या रांगेत बसवलं जातं.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, आणि आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. टॉर्कचा आकडा वाचताना शेजारचा आरपीएम वाचायला विसरू नका. हायनेसचा पूर्ण जोर ३००० ला मिळतो. केळघरच्या वळणावर वेग पंचवीसवर येतो तेव्हा इंजिन तिथेच कुठेतरी फिरत असतं, त्यामुळे गिअर न पाडता गाडी निघते. स्पीडचा शिखराचा आकडा ६५०० ला आहे. खाली ती मेलेली नाही, पण मजा घ्यायची तर एक गिअर खाली टाकून इंजिन फिरवावं लागतं. एकटी असताना मला ते आवडतं. मागे आई असेल तर दर वळणाला तो झटका तिच्या कमरेला बसतो.

उंचीचं गणित शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सुटत नाही. सीटची उंची क्लासिकची ८०५ मिलिमीटर, हायनेसची ८००, स्पीडची ७९०. कागदावर दीड सेंटीमीटरचा फरक. पण सीट पुढे किती रुंद आहे त्यावर मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच वर राहतो. म्हणून असं करा: गाडी बाहेर उतारावर उभी करायला सांगा, तोंड खालच्या बाजूला. मग बसून ती पायांनी मागे ढकलत वर घ्या. महाबळेश्वरच्या बाजारात पार्किंगमधून गाडी काढताना नेमकं हेच करावं लागतं. १९५ आणि १७६ यांतले एकोणीस किलो तिथे अंगाला कळतात. पुढे गाडी स्टँडवरून उतरवा, पुन्हा लावा, हँडल पूर्ण वळवून चालत फिरवा. सेल्समन घाई करत असेल तर त्याला चहा प्यायला पाठवा.

डबलसीटची तपासणी मात्र सगळ्यात जास्त वेळ देऊन करा. गाड्यांच्या परीक्षणांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो आणि आपल्याकडे तर निम्म्या घरांत मागे बसणारी बाई साडीत एका बाजूला बसते. तिला घेऊनच शोरूमला जा. बघायचं ते हे: साडीगार्ड मागच्या चाकाला किती झाकतो, पाय टेकवायची पट्टी तिच्या पायाला खरंच पोचते का, की पाय लोंबकळतात, धरायला दांडा आहे का आणि तो एका बाजूला बसल्यावर हाताला येतो का, सायलेन्सर तिच्या पायांच्या किती जवळ आहे. आईने क्लासिकवर बसून लगेच सांगितलं की इथे मी पोलादपूरपर्यंत बसेन. हायनेसवर तिची तक्रार नव्हती. स्पीडची मागची जागा आखूड आहे. तिथे ती बसली, पण एक हात माझ्या खांद्यावरून काढायला तयार नव्हती. मी दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या मैत्रिणीला घेऊन गेले असते तर निकाल वेगळा लागला असता. म्हणून मागे खरोखर कोण बसणार, तेच माणूस न्या.

चाकांकडे बघा. तारेची चाकं असलेल्या क्लासिकच्या टायरात ट्यूब असते. घाटात पंक्चर झालं तर चाक उतरवून ट्यूब काढणारा माणूस लागतो, आणि केळघर ते मेढा रात्री तो मिळत नाही. अलॉय चाकं घेतली की ट्यूबलेस टायर येतात, किटने वाटेतच काम होतं. हायनेस आणि स्पीड दोन्हींना अलॉय आहेत. पुढचं चाक क्लासिक-हायनेसला १९ इंची, स्पीडला १७ इंची. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत १९ इंची चाक जास्त सोशिक असतं; १७ इंची वळणात चटकन झुकतं. दोन्ही हवं असं होत नाही.

टेस्ट राइडला शोरूमची ठरलेली तीन किलोमीटरची फेरी घेऊ नका. लायसन्स ठेवा, तास मागा. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट चढून या, दुसरीकडे असाल तर तुमचा चढ निवडा. इंजिन थंड असताना तुम्ही स्वतः सुरू करा. चौथ्या गिअरला ताशी ४० वर चढाला लागा आणि न बदलता थ्रॉटल उघडा. साफ निघते की खडखडते ते ऐका. मग ८० वर आणि रस्ता मिळाला तर ९५ वर आरशात मागची गाडी ओळखू येते का बघा; आरसा थरथरत असेल तर तास-दोन तासांनी हातही थरथरणार. गर्दीत दहा मिनिटं चालवून मांड्यांना किती धग लागते ते पाहा. लिक्विड कूल्ड गाडीचा (या तिघींत स्पीडचा) पंखा सुरू झाला की गरम हवा पायांवर येते, जूनच्या आधी हे नक्की तपासा. जमलं तर संध्याकाळी जा, म्हणजे हेडलाइट वळणाच्या आत किती उजेड टाकतो तेही कळेल.

पैशांकडे वळते, कारण माझं रोजचं काम विम्याचं आहे आणि इथेच लोक गाफील राहतात. ३५० सीसी ही रेषा दोनदा आडवी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढे ४० टक्के. त्यातला किती बोजा कंपनी उचलते हे बदलत राहतं, म्हणून एक्स-शोरूम किंमत ऐकून निघू नका; लेखी ऑन-रोड कोटेशन घ्या. दुसरी रेषा विम्याची. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आहे आणि ३५० च्या वर १५,११७, कर वेगळा. म्हणजे ३४९ आणि ३९८ यांच्यात फक्त या एका ओळीत साडेसात हजारांहून जास्त फरक. कोटेशनमध्ये विमा, पासिंग, अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या लिहून मागा. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशासाठी हे विचारा आणि काढायला लावा.

सुट्या भागांची किंमतही तिथेच विचारा: क्लच लिव्हर, इंडिकेटर, आरसा, पुढचा मडगार्ड, ब्रेक पॅड. गाडी उभ्या-उभ्या पडली तर हेच तुटतात. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, हे किलोमीटरमध्ये लिहा. स्पीडचं सर्व्हिसचं अंतर १६,००० किलोमीटरचं आहे, ही तिची मोठी जमेची बाजू. क्लासिकचं काम मात्र तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही करतो, आणि याची किंमत कुठल्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

आता तो प्रश्न, जो सगळे विचारतात: नवीन मॉडेल येणार आहे म्हणे, थांबू का?

इतिहास बघून ठरवा. रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ आली २०१६ मध्ये, पूर्ण नवी ४५० आली नोव्हेंबर २०२३ मध्ये. बजाजची डॉमिनार ४०० डिसेंबर २०१६ ला आली, २०१९ मध्ये तिला पुढचे नवे फोर्क आणि जास्त ताकद मिळाली, मग राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, यायला २०२५ उजाडलं. क्लासिकला २००९ नंतर नवं इंजिन २०२१ मध्ये मिळालं. नवं इंजिन म्हणजे वर्षानुवर्षांचं काम असतं, त्याच्यासाठी थांबणारा बसने फिरतो. बारीक बदलांचं तसं नसतं, आणि ते ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, सरकारी मुदत: एप्रिल २०२० चं बीएस-सिक्स, एप्रिल २०२३ चे पुढचे उत्सर्जन नियम, अशा तारखांना सगळ्यांनाच हात फिरवावा लागतो. दुसरी, त्याच इंजिनाची भावंडं. क्लासिकचंच इंजिन असलेल्या हंटर ३५० ला २०२५ मध्ये स्लिप-असिस्ट क्लच मिळाला, म्हणजे हाताला हलका आणि गिअर खाली टाकताना झटका कमी करणारा. तशाच गोवन क्लासिकला २०२४ मध्ये तारेची असूनही ट्यूबलेस अशी चाकं मिळाली. जे एका भावंडाला मिळालं ते दुसऱ्याला मिळण्याची आशा धरायला जागा आहे.

माझा नियम असा: बदल दिवे, रंग, चार्जिंग पॉइंट एवढाच असेल तर थांबू नका, उलट जुन्या स्टॉकवर सूट मागा, फक्त आरसीवर निर्मितीचा महिना-वर्ष छापलेला असतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तोच बघतं, हे ध्यानात ठेवून सूट मागा. इंजिन किंवा चासी नवी असेल तर आल्या-आल्या घेऊ नका, सहा महिने इतरांच्या तक्रारी ऐका.

माझ्या रस्त्याला आणि माझ्या डबलसीटला हायनेस बसते, १५ लिटरच्या टाकीमुळे आणखीच. एकट्याने घाट हुंदडणाऱ्या तरुण पोराला मी स्पीडच सांगेन. ज्याच्या गावाहून शहर लांब आहे त्याने क्लासिक घ्यावी, अलॉय चाकांची.

आणि तिन्ही कंपन्यांकडे माझं मागणं आहे, टेस्ट राइडनंतर फीडबॅक विचारतात तेव्हा मी ते लिहूनही देते. होंडाने हायनेसला सहावा गिअर द्यावा, महामार्गावर पाचव्यात इंजिन उगाच फिरत राहतं. रॉयल एनफील्डने साध्या क्लासिकलाही ती ट्यूबलेस तारेची चाकं द्यावीत आणि दहा-पंधरा किलो वजन उतरवावं. ट्रायम्फने स्पीडचंच इंजिन ३५० च्या आत बसवावं, तीस बीएचपी दिली तरी चालेल, टाकी १५ लिटरची करावी आणि मागची सीट हातभर लांब, सपाट करावी, धरायला दांड्यासकट. अशी गाडी चाकणहून निघाली तर साताऱ्यापर्यंत येताना तिला एकही एक्स्प्रेसवे लागणार नाही, आणि तिची पहिली टेस्ट राइड मी यवतेश्वरलाच घेईन.